मानेत गाठ, मूळ कुठं? अण्णांच्या टॉन्सिलची गोष्ट (लातूर)

तेरणेकाठ | ४ जानेवारी, रात्री १०:१५

मंडळी, हा धागा काढू का नको यातच दोन महिने गेले. शेवटी अण्णांनाच विचारलं (थोरले बंधू, वय ५४, औसा तालुक्यात शेती). म्हणले, 'लिही की. नाव तेवढं टाकू नको, बाकी सगळं लिही.' म्हणून लिहायलोय.

गाठ सापडली ती न्हाव्याला. गेल्याच्या गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी अण्णा दाढीला बसले होते. वस्तरा उजव्या जबड्याखाली आला अन् कारागीर थांबला. 'अण्णा, हितं काय आलंय?' बोट लावून बघितलं तर जांभळाएवढी गाठ. दुखत नाही, खुपत नाही.

पहिल्या डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं. गाठ तशीच. मग म्हणाले, गंडमाळ आहे, आपल्याकडं मानेत गाठ म्हंजे टीबीच. सुई नाही, बेडका नाही, काही तपासलं नाही अन् टीबीच्या गोळ्या चालू. लघवी लाल व्हायला लागली तशा वहिनी घाबरल्या. ते गोळ्यांमुळंच होतं हे नंतर कळलं. तीन महिने गोळ्या खाल्ल्या, गाठ लिंबाएवढी झाली.

दुसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी केली. आत पाणी दिसलं. 'जन्मजात पाण्याची गाठ आहे, काहींना मोठेपणी फुगते.' सिरिंजनं पाणी ओढलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. गाठ बसली, अण्णा खूश, मी पेढे वाटले. पाण्याचा रिपोर्ट आला: कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. त्या कागदाच्या भरवशावर अजून दोन महिने गेले. गाठ पंधरा दिवसांतच परत भरली होती, पण रिपोर्ट चांगला आहे म्हणून कुणी हललं नाही. त्यात मी पण आलो. शाळेत पोरांना विज्ञान शिकवतो मी.

तिसऱ्या ठिकाणी ईएनटीच्या एक तरुण मॅडम भेटल्या. त्यांनी आधी वय विचारलं. म्हणाल्या, 'चाळिशीनंतर मानेत नवीन आलेली पाण्याची गाठ जन्मजात धरायची नाही. तसं सिद्ध होईस्तोवर कॅन्सर धरूनच चालायचं.' सोनोग्राफीवर बघत बघत त्यांनी सुई पाण्यात न घालता गाठीच्या भिंतीत घातली. चार दिवसांनी रिपोर्ट आला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (अस्तराच्या पेशींचा कॅन्सर), दुसरीकडून आलेला.

दुसरीकडून म्हंजे कुठून? तोंड बघितलं, साफ. जीभ, गालफडं, हिरड्या साफ. नाकातून दुर्बीण घातली, काही नाही. अण्णा माळकरी. तंबाखू, बिडी, गुटखा, दारू, कश्शाला हात लावलेला नाही. घरात मी एकटा तंबाखू मळणारा, अन् गाठ अण्णांच्या मानेत.

मॅडम म्हणाल्या, आता गाठीलाच विचारू तू कुठल्या गावची. सुईच्याच नमुन्यावर दोन तपासण्या लिहून दिल्या, पी-१६ अन् ईबर, कॅन्सरमागं विषाणू आहे का ते कळायला. पी-१६ पॉझिटिव्ह आली, ईबर निगेटिव्ह. तेवढ्यावरून त्यांनी सांगितलं की मूळ उजव्या टॉन्सिलमधे नाहीतर जिभेच्या बुडाशी असणार.

पुढचं उद्या. लाईट जायलीय.

हलगीवाला | ४ जानेवारी, रात्री १०:४०

सर, लौकर टाका. आमच्या गल्लीत दोघं जण असेच टीबीच्या गोळ्या खायलेत.

उगाचपुणेकर | ५ जानेवारी, सकाळी ७:५०

मूळचा परभणीचा, आता पुण्यात. तेरणेकाठ सर, अण्णांना लवकर बरं वाटो. पण एक शंका. विषाणूनं कॅन्सर हे जरा पचायला जड जातंय. आपल्याकडं तोंडाचा-घशाचा कॅन्सर म्हणजे तंबाखू, हे समीकरण लहानपणापासून ऐकलंय. तंबाखू नसेल तर सोयाबीनवरची फवारणी असेल, बोअरचं पाणी असेल. विषाणू कुठून आला मधेच?

काचपट्टी | ५ जानेवारी, दुपारी २:३०

संभाजीनगरात पॅथॉलॉजिस्ट आहे. दिवसभर काचपट्ट्याच बघते, म्हणून हे नाव. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

विषाणूनं कॅन्सर होतो हे जुनंच आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमधे एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूचा १६ नंबरचा प्रकार हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला १९८३ मधे सापडला, त्याबद्दल त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. घशाचं प्रकरण मागून आलं. २००० साली मॉरा गिलिसन यांच्या गटानं दाखवलं की टॉन्सिल आणि जिभेच्या बुडाच्या काही कॅन्सरमधे तोच १६ नंबर ठाण मांडून असतो आणि हे रुग्ण तंबाखूवाल्यांपेक्षा वेगळे असतात. एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत, पण घशातल्या अशा कॅन्सरमधे दहातले नऊ वेळा हा १६ नंबरच भेटतो.

टॉन्सिलच का? आरशासमोर उभं राहून आ करा. टॉन्सिल गुळगुळीत नसतो, त्याला भोकं दिसतात. ती खोल खाचांची तोंडं. एका टॉन्सिलला दहा ते तीस खाचा असतात. काहींच्या घशातून वास मारणारे पांढरे खडे पडतात ना, ते या खाचांतलेच. खाचेच्या आतलं अस्तर मुद्दामच विरळ असतं, चाळणीसारखं, कारण आत येणाऱ्या जंतूची पांढऱ्या पेशींशी गाठ घालून देणं हेच टॉन्सिलचं काम. अस्तराखाली जो पातळ पापुद्रा असतो तोही तिथं तुटक तुटक. गालात विषाणूला तळाच्या पेशींपर्यंत जायला खरचटलेली जागा लागते, टॉन्सिलमधे दार उघडंच असतं. पुढं कॅन्सर झाला की त्याच्या पेशीही त्याच दारानं लवकर बाहेर पडून मानेतल्या गाठींत पोचतात. त्यामुळं मूळ ज्वारीच्या दाण्याएवढं आणि मानेतली गाठ लिंबाएवढी, असा उलटा हिशेब होतो. आणि या गाठी आतून पाणी धरतात. पाणी ओढून तपासलं तर त्यात नुसता गाळ मिळतो, खऱ्या पेशी भिंतीला चिकटलेल्या. तुमच्या पहिल्या रिपोर्टचं तेच झालं. तो खोटा नव्हता, पाण्यात पेशी नव्हत्याच.

आता पी-१६. या विषाणूची दोन प्रथिनं घात करतात, ई-६ आणि ई-७. ई-६ पेशीतल्या पी-५३ नावाच्या राखणदाराची वाट लावतं. ई-७ जाऊन बसतं आरबी नावाच्या ब्रेकवर. तो ब्रेक निकामी झाला की पेशी पी-१६ नावाचा दुसरा ब्रेक दाबत सुटते, ढिगानं प्रथिन बनवते, पण पुढची तारच तुटलेली असल्यानं गाडी थांबत नाही. आम्ही रंग देतो तो या पी-१६ ला. घशातल्या तुकड्यात किमान सत्तर टक्के पेशी आतबाहेर ठळक तपकिरी दिसल्या तर पॉझिटिव्ह म्हणतो. सुईच्या नमुन्यात पेशी कमी, तिथं डोळा जास्त जपून वापरावा लागतो.

ईबर ही एपस्टाईन-बार विषाणूची खूण. हा १९६४ मधे आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्याच्या गाठींतून सापडला. त्याचं आवडतं ठिकाण नाकामागचा घसा. तो पॉझिटिव्ह आला असता तर मॅडमनी टॉन्सिल सोडून नाकामागं शोधलं असतं.

पुणेकर, तंबाखूचं समीकरण खोटं नाहीच. मी रोज बघते त्यात गालफडाचे, हिरडीचे ढीग असतात, आणि तिथं एचपीव्हीचा हात नगण्य. गालाच्या कॅन्सरवर पी-१६ करून पैसे घालवू नका. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, माझ्या टेबलावर ती कुठं दिसत नाही.

तेरणेकाठ | ५ जानेवारी, रात्री ९:२०

मॅडम, तुमचं लिहिणं अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. चाळणीचं ऐकून म्हणले, 'मग तर पाणी गळणारच.'

तर पुढचं. आम्हाला वाटलं लगेच तुकडा काढतील. ईएनटीच्या मॅडम म्हणाल्या आधी पेट स्कॅन, म्हंजे जास्त साखर ओढणाऱ्या जागा उजळून दाखवणारा. आधी कापाकापी केली तर भरणारी जखमसुद्धा साखर ओढते अन् स्कॅनमधे उगाच उजळते. उपाशी पोटी नेलं, दंडात साखरेचं औषध टोचलं, तासभर अंधाऱ्या खोलीत एकटं पडायला सांगितलं. 'बोलू नका, हलू नका' म्हणले. अण्णा आत मनातल्या मनात हरिपाठ म्हणत पडले होते, त्यालाही जीभ हलवायची नव्हती.

स्कॅनमधे मानेतली गाठ दिवाळीसारखी उजळली. टॉन्सिल दोन्ही जरा जरा उजळलेले, उजवा किंचित जास्त. रिपोर्टातली भाषा अशी की हो पण नाही अन् नाही पण नाही. टॉन्सिल मूळचाच कामसू अवयव, निरोगी असला तरी साखर ओढतो. त्यातून मूळ सेंटीमीटरच्या आतलं असलं तर पेटलाही चकवा बसतो म्हणे.

मग भूल देऊन बघितलं. नाकामागं, जिभेचं बूड, स्वरयंत्राच्या आजूबाजूच्या खोबणी, सगळीकडं दुर्बीण अन् बोट. जिभेचं बूड मऊ लागलं. उजवा टॉन्सिल हाताला थोडा टणक. मॅडमनी नुसता चिमटा घेतला नाही, अख्खा टॉन्सिल काढला. मी बाहेर बाकावर. बाहेर येऊन त्यांनी डबी दाखवली, फॉर्मॅलिनमधे तरंगणारा, सोललेल्या सुपारीएवढा. वर काही दिसत नव्हतं. जखम नाही, फोड नाही.

आठवडा गेला. रिपोर्ट आला. टॉन्सिलच्या बारीक चकत्या करून सगळ्या तपासल्या होत्या, त्यातल्या दोन चकत्यांत, एका खाचेच्या तळाशी, सात मिलिमीटर. हरभऱ्याच्या दाण्याएवढं. वरचं अस्तर शाबूत.

तुम्ही म्हणाल, गाठीत कॅन्सर कळलाच होता, मग मूळ शोधायला एवढा आटापिटा कशाला, द्यायचा शेक (रेडिएशन). मी पण हेच विचारलं. शेकवाल्या डॉक्टरांनी कागदावर मान काढली. मूळ ठाऊक नसेल तर नाकामागून खालपर्यंत जिथं जिथं ते दडलेलं असू शकतं तो सगळा पट्टा शेकावा लागतो, बऱ्याचदा दोन्ही बाजू. लाळेच्या गाठी दोन्हीकडच्या भाजतात, तोंड जन्मभर कोरडं. मूळ उजव्या टॉन्सिलमधे एवढंसं सापडलं म्हणल्यावर त्यांनी डावी बाजू पेन्सिलनं खोडून टाकली. तो कागद मात्र मी जपून ठेवलाय.

मानेतल्या गाठींचं ऑपरेशन झालं अन् नंतर एका बाजूला तीस शेक. त्याआधी दातवाल्याकडं पाठवून दोन किडक्या दाढा काढल्या, शेक झाल्यावर दाढ काढली तर जबडा भरून येत नाही म्हणून. चौथ्या आठवड्यात घसा इतका सोलला की भाकरी ताकात कुस्करून गाळून प्यायचे. आता साधी भाकरी खातात. पाण्याचा तांब्या शेजारी लागतो, पण घासागणिक नाही. ठेच्याला अजून हात लावत नाहीत.

कानघसा | ६ जानेवारी, सकाळी ८:०५

अंबाजोगाईला शिकलो, बीड जिल्ह्यात ईएनटी प्रॅक्टिस करतो. गुरुजी, तुमच्या मॅडमनी क्रम अगदी बरोबर ठेवला. एक गोष्ट ठळक करतो, कारण आमच्याकडं रोज बिघडून येतं: मानेतली गाठ आधी कापून काढायला जाऊ नका. आधी सुई. गरज पडली तर परत सुई, सोनोग्राफीवर बघत. 'छोटंसं ऑपरेशन आहे, काढून टाकू, मग बघू' असं कुणी म्हटलं तर बाहेर येऊन चहा प्या आणि दुसऱ्याकडं जा. अर्धवट कापलेली मान पुढच्या सर्जनला नको झालेली असते.

टॉन्सिलमधेही नाही सापडलं तर पुढची पायरी जिभेच्या बुडाचं अस्तर काढून तपासणं. तिथंही टॉन्सिलसारखाच ऊतक असतो, तशाच खाचा. हात पोचत नाही म्हणून मोठ्या शहरात रोबोट वापरतात, कुठं लेझर. एवढं करूनही काही जणांत मूळ सापडत नाही. तेव्हा २०१८ पासून लागू झालेल्या वर्गवारीचा आधार. मानेतली गाठ पी-१६ वाली असेल तर घशाच्या खात्यात धरायची, ईबरवाली असेल तर नाकामागच्या. म्हणजे घर सापडलं नाही तरी गल्ली ठरते.

स्पष्टवक्ता | ६ जानेवारी, सकाळी ११:३०

एचपीव्ही कशातून पसरतो ते गूगल केलं की कळतं. माळकरी म्हणे. असो, आम्ही काही बोललो नाही.

हलगीवाला | ६ जानेवारी, सकाळी ११:४२

बोललास की बाबा. चांगलं बोललास.

काचपट्टी | ६ जानेवारी, दुपारी २:१०

गूगल अर्धंच वाचलंत. लैंगिक संबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होऊन जातो. लग्न एकच झालेलं असलं तरी. बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत तो झटकून टाकतं, कळतही नाही. थोड्यांच्यात तो राहतो आणि त्यातल्या अगदी थोड्यांच्यात वीस-तीस वर्षांनी कॅन्सर होतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे सांगणारी तपासणी माझ्याच काय कुणाच्याच लॅबमधे नाही. रिपोर्टवर पी-१६ लिहिताना मी कुणाच्या चारित्र्याचा दाखला देत नसते.

तेरणेकाठ | ६ जानेवारी, रात्री ८:५५

स्पष्टवक्ते, उत्तर देणार नव्हतो. पण वहिनींना हे सांगायचं कसं म्हणून आम्ही दोघं भाऊ खरंच आठ दिवस गप्प होतो. शेवटी मॅडमनीच त्यांना एकटीला आत बोलावलं. बाहेर आल्या अन् मला म्हणल्या, 'सर्दी कुणाकडून आली म्हणून कुणी भांडतं का भाऊजी? डबा आणा, त्यांनी सकाळपासून खाल्लं नाही.' हा विषय आमच्या घरात तेवढाच झाला. मॅडमनी वहिनींना गर्भाशयाच्या मुखाची तपासणी मात्र करून घ्यायला लावली. एरवीही त्या वयाच्या प्रत्येक बाईनं करावी म्हणाल्या. नॉर्मल आली.

जालन्याची_लेक | ७ जानेवारी, सकाळी १०:००

मला हेच विचारायचं होतं, धीर होत नव्हता. माझ्या नवऱ्याच्या रिपोर्टवर पी-१६ पॉझिटिव्ह आहे, जिभेचं बूड. पण हे सिगारेट ओढायचे, दिवसाला पाकीट. मग आमचा विषाणूचा की सिगारेटचा? डॉक्टर म्हणाले, 'विषाणूचा आहे, चांगला प्रकार आहे.' कॅन्सरला चांगला म्हणतात ते ऐकून हसावं का रडावं कळेना.

काचपट्टी | ७ जानेवारी, दुपारी २:४५

ताई, 'चांगला' हा शब्द आम्ही लोकांनी जपून वापरायला हवा. त्यामागचा आधार असा. २०१० मधे अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीतल्या घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा हिशेब आला. तीन वर्षांनी एचपीव्हीवाल्यांतले शंभरात ८२ हयात होते, विषाणू नसलेल्यांतले ५७. उपचार तेच. विषाणूवाला कॅन्सर शेकाला आणि केमोला जास्त दाद देतो. पण त्याच हिशेबात हेही दिसलं की एचपीव्ही असून जो बरीच वर्षं सिगारेट ओढत होता तो धोक्याच्या मधल्या गटात जाऊ शकतो. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही' असू शकतं.

दुसरं. पी-१६ ही विषाणूची सावली आहे, विषाणू नव्हे. पेशी दुसऱ्या कारणानंही पी-१६ बनवू शकते. अनेक देशांतल्या सात हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा शंभरात साधारण नऊ जणांत पी-१६ आणि एचपीव्हीची थेट तपासणी यांचं जमत नव्हतं, एक पॉझिटिव्ह तर दुसरी निगेटिव्ह. जिथं तंबाखूचे कॅन्सर जास्त आणि एचपीव्हीचे कमी, तिथं पॉझिटिव्ह पी-१६ वर डोळे झाकून विश्वास ठेवणं जास्त धोक्याचं. आपला मराठवाडा त्यातच येतो. तुमच्या डॉक्टरांना विचारा की त्याच ब्लॉकवर (मेणात जपलेल्या नमुन्यावर) एचपीव्हीची डीएनए किंवा आरएनए तपासणी करता येईल का. नवीन तुकडा काढावा लागत नाही.

आणि विषाणूवाला आहे म्हणून उपचार परस्पर कमी करून घेऊ नका. नेहमीच्या सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाऐवजी हलकं समजलं जाणारं औषध देऊन बघायचे दोन मोठे प्रयोग २०१८ मधे जाहीर झाले, दोन्हीत हलक्या औषधवाल्यांचं नुकसान झालं.

उगाचपुणेकर | ७ जानेवारी, दुपारी ४:२०

माझी फवारणीवाली थिअरी मागे घेतो. (फवारताना तोंडाला फडकं बांधा हे तरी राहू द्या.) पण मॅडम, या हिशेबानं गुरुजींच्या अण्णांचाही पी-१६ चुकीचा असू शकला असता की?

काचपट्टी | ७ जानेवारी, सायंकाळी ७:३०

असू शकला असता. फक्त त्यांच्याकडं सगळ्या खुणा एकाच दिशेला होत्या. तंबाखू नाही, गाठ जबड्याखालच्या वरच्या टप्प्यात, आत पाणी, पेशींचा तोंडवळा विषाणूवाल्यासारखा. आणि शेवटी टॉन्सिलमधे मूळ मिळालंच. एकट्या पी-१६ वर त्यांनी उडी मारली असती तर मी इथं वेगळं लिहिलं असतं.

बालाघाटी | ७ जानेवारी, रात्री ९:४०

राम राम मंडळी. रिटायर फौजी, पाटोदा तालुका. ईबरचा विषय निघाला म्हणून. कोहिमाला पोस्टिंग होती तेव्हा आमच्या युनिटजवळच्या गावातल्या एका माणसाला असंच झालं. आधी एक कान गच्च, पाणी गेल्यासारखा. मग नाकातून रक्त. मग मानेत दोन्हीकडं गाठी. आमच्या डॉक्टरसाहेबांनी नुसतं ऐकून सांगितलं होतं, नाकामागं बघा. आम्हाला वाटलं जादूच केली.

कानघसा | ७ जानेवारी, रात्री १०:१०

काका, जादू नाही, ठिकाण ठाऊक होतं. नाकामागच्या घशाच्या कॅन्सरचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त नागालँडमधे आणि त्या बाजूच्या डोंगराळ भागात. जगात दक्षिण चीन. तिथल्या खारवलेल्या माशाचा त्यात हात असल्याचं सिद्ध आहे. एपस्टाईन-बार विषाणू नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात असतो, तुमच्या-माझ्याही, पण कॅन्सर काही प्रदेशांत, काही घराण्यांतच उठतो. कानाची नळी नाकामागं जिथं उघडते तिथल्या कोपऱ्यात तो दडतो, म्हणून कान गच्च होतो. हाँगकाँगमधे तर वीस हजारांवर धडधाकट पुरुषांच्या रक्तात या विषाणूचे डीएनएचे तुकडे शोधून लवकरचे कॅन्सर पकडले, २०१७ मधे ते छापून आलं. एचपीव्हीचं असं सोपं अजून हाती नाही. टॉन्सिलला गर्भाशयमुखासारखी पॅप तपासणीही चालत नाही, खाचेच्या तळाला ब्रश पोचायचा कसा.

मोठ्या माणसाचा एकच कान गच्च झाला आणि महिनाभर गेला नाही, तर इथंही नाकामागं दुर्बीण घालून बघतोच आम्ही.

पूर्णाकाठी | ८ जानेवारी, सकाळी ६:३०

हा धागा रात्री दोनला वाचून संपवला. बाबांना (६१, वसमत) डाव्या मानेत गाठी आहेत, तीन, एकमेकींना चिकटलेल्या. दोन महिने झाले. रात्री घाम येतो, वजन सहा किलो उतरलं. तंबाखू आहे, मळून, चाळीस वर्षं. डॉक्टर म्हणाले टीबीच्या गोळ्या चालू करू. मी आता काय करू? टाटाला घेऊन जाऊ का? देवगिरीचं तिकीट काढायला बसलोय.

तेरणेकाठ | ८ जानेवारी, सकाळी ७:१५

दादा, तिकीट ठेवा बाजूला. आधी सुई करून घ्या, जवळच होईल. सुईच्या रिपोर्टाशिवाय मुंबईला गेलात तर तिथं पहिल्यांदा तेच करायला सांगतील, अन् तोवर दादरच्या धर्मशाळेत नंबर लावून बसायचं. जायची वेळ आलीच तर काचपट्ट्या अन् ब्लॉक दोन्ही घेऊन जा. ब्लॉक म्हंजे मेणाचा चौकोनी तुकडा, त्यात नमुना असतो. आम्ही नुसता रिपोर्टचा कागद नेला होता, माघारी यावं लागलं. लॅबवाले ब्लॉक देतात, सही घेऊन. नंबर जुळतोय का ते काउंटरवरच बघा.

कानघसा | ८ जानेवारी, सकाळी ८:००

पूर्णाकाठी, सुई करताना सांगा की अर्धा नमुना पेशींच्या तपासणीला आणि अर्धा सीबीनाटला, म्हणजे टीबीचा जंतू शोधणाऱ्या तपासणीला. एकाच टोचण्यात दोन्ही होतं. चिकटलेल्या गाठी, रात्रीचा घाम हे टीबीचंही लक्षण, लिम्फोमाचंही (लसिकाग्रंथींचा कॅन्सर). तंबाखू आहे म्हणून तोंड आणि घसाही नीट बघून घ्या. अंदाजानं गोळ्या नकोत, अंदाजानं मुंबईही नको.

हलगीवाला | ८ जानेवारी, दुपारी १:००

सोलापूर बाजूच्यांना बार्शी पण आहे. तिथल्या कॅन्सर हॉस्पिटलची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू आहे, देशातली पहिली. संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राला विचारा, खिडकीवरच्या माणसाला नको.

जालन्याची_लेक | ८ जानेवारी, दुपारी ३:३०

लशीचं कुणी सांगेल का? मुलगा तेरा वर्षांचा आहे, मुलगी दहाची.

काचपट्टी | ८ जानेवारी, सायंकाळी ७:००

दोघांनाही देता येते. सिरमची सर्वाव्हॅक २०२३ च्या सुरुवातीला आली, ९ ते २६ वयाच्या मुलींना आणि मुलांना, त्यात १६ नंबर आहे. चौदापर्यंत दोन डोस पुरतात. लस झालेला संसर्ग काढत नाही, म्हणून संबंध सुरू व्हायच्या आधी. नवऱ्याच्या आजारावर तिचा उपयोग नाही, हे आधीच सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो.

तेरणेकाठ | १५ जानेवारी, रात्री ९:००

अण्णांची सहा महिन्यांची तपासणी झाली, मान मऊ, घसा साफ. संक्रांतीला तिळगूळ खाल्ला, म्हणले गोड कळलं, पण तीळ घशाला टोचले.

बाकी मी तंबाखू सोडून ७१ दिवस झाले. औशाच्या दुकानात न्हावी आता वस्तऱ्याआधी दोन्ही हातांनी मान चाचपतो. गिऱ्हाईक गुदगुल्या होतात म्हणून ओरडतंय.

पूर्णाकाठी | १९ जानेवारी, सायंकाळी ६:१०

रिपोर्ट आले. कॅन्सरच्या पेशी नाहीत. सीबीनाट पॉझिटिव्ह, टीबीच निघाला. रिफाम्पिसिन (टीबीचं मुख्य औषध) चालतंय असं लिहिलंय. तोंडही बघून घेतलं, डाव्या गालात पांढरा चट्टा आहे, त्याला पंधरा दिवसांनी परत बोलावलंय.

तेरणेकाठ | १९ जानेवारी, सायंकाळी ६:४५

बरं झालं दादा. आता सहा महिने गोळ्या, मधे सोडू नका. लघवी लाल होईल, आईंना आधीच सांगून ठेवा. अन् चट्ट्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, बाबा स्वतः सांगणार नाहीत.

पूर्णाकाठी | १९ जानेवारी, सायंकाळी ६:५०

लिहिली. तंबाखूची डबी पण काढून घेतली, बोलणं बंद आहे माझ्याशी.

हलगीवाला | १९ जानेवारी, सायंकाळी ७:०५

उशीखाली दुसरी असंल. बघून घ्या.